संगणकातला लॅम्प्रे पोहला. पण त्याने सिद्ध काय झाले?

गेल्या वर्षी एका महाविद्यालयात व्याख्यानासाठी गेले होते. व्याख्यानाला अवकाश होता म्हणून प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांनी आपली प्रयोगशाळा दाखवली. आमच्या वेळी, म्हणजे पंचवीसेक वर्षांपूर्वी, तेथे बेडकाच्या पोटरीचा स्नायू त्याच्या चेतातंतूसह वेगळा काढून, फिरत्या दंडगोलावरच्या काजळी धरलेल्या कागदावर त्याच्या आकुंचनाचा आलेख घेत असू. निम्म्या वेळा आलेख येतच नसे. आता त्या जागी संगणक आले आहेत. बेडूक पडद्यावर असतो. कळ दाबली की विजेचा झटका बसतो, स्नायू आखडतो आणि आलेख उमटतो, दर वेळी अगदी तोच. एका विद्यार्थिनीने तीस-चाळीस वेळा कळ दाबून पाहिली आणि मला विचारले, "मॅडम, हा स्नायू थकत कसा नाही?" प्राध्यापकांनी खुलासा केला की थकव्यासाठी वेगळी कळ आहे, ती दाबली की मगच तो थकतो.

बेडूक वाचले याचे मला समाधान आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ साली विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि २०१४ साली पदवीच्या वर्गांतून ते जवळजवळ थांबवले. त्या निर्णयाविषयी माझी तक्रार नाही. पण त्या मुलीचा प्रश्न सोडून देण्यासारखा नव्हता. पडद्यावरचा स्नायू आखडला, हा नेमका कशाचा पुरावा? हाच प्रश्न संशोधनाच्या क्षेत्रात, जेथे मेरुरज्जूतील चेतामंडले संगणकावर उभी केली जातात तेथेही पडतो, आणि तेथेही तो पुष्कळदा विचारला जात नाही. "शास्त्रज्ञांनी मेरुरज्जू संगणकात उतरवला" अशा बातम्या आपण वाचतो. त्यांतील किती भाग ज्ञान आहे आणि किती भाग देखावा, हे एका गाजलेल्या उदाहरणावरून तपासून पाहावे असा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम मेरुरज्जूविषयी थोडेसे. शालेय पुस्तकांतून आपण प्रतिक्षिप्त क्रिया शिकवतो ती एका आकृतीच्या आधारे. गुडघ्याच्या वाटीखाली हलकेच ठोकले, मांडीचा स्नायू ताणला गेला, संवेदी चेतापेशीने मेरुरज्जूला कळवले, प्रेरक चेतापेशीने हुकूम दिला, पाय झटकला गेला. आकृती खोटी नाही, पण ती वाचून मेरुरज्जू म्हणजे टेलिफोनच्या तारांचा जुडगा असे मुलांना वाटते. याच क्रियेत मांडीच्या मागच्या स्नायूला 'तू गप्प राहा' असा निरोप जातो, आणि तो एका मधल्या, सहयोगी चेतापेशीमार्फत जातो, ही गोष्ट आकृतीत बहुधा नसते. वास्तविक ही गप्प बसवण्याची क्रिया, म्हणजे दमन, हाच मेरुरज्जूच्या कारभाराचा अर्धा भाग आहे.

तो भाग बंद पडला तर काय होते हे आपल्याकडे पूर्वी गावोगाव पाहायला मिळे. धनुर्वाताचे विष मेरुरज्जूतील दमनकारी चेतापेशींचे रसायन बाहेर पडू देत नाही. पुढचे आणि मागचे सगळे स्नायू एकदमच आखडतात आणि रोगी धनुष्यासारखा वाकतो. कोकणात काजऱ्याचे झाड असते, त्याच्या बियांतील स्ट्रिक्नीन हे विष जवळपास तेच करते, फक्त वेगळ्या जागी: दमनाचा निरोप देणारे ग्लायसीन हे रसायन बाहेर पडते, पण पलीकडच्या पेशीला ते लागू होत नाही. नुसत्या स्पर्शाने किंवा आवाजाने सर्वांगाला झटके येतात. शिक्षकांनी वर्गात आकृती काढताना या दोन विषांची गोष्ट अवश्य सांगावी.

आता चालण्या-पोहण्याकडे वळू. पाय पुढे, पाय मागे. शरीर डावीकडे, शरीर उजवीकडे. हा ताल येतो कोठून? शेरिंग्टन यांच्या काळी साधारण समजूत अशी होती की एका हालचालीच्या संवेदनेतून पुढची हालचाल सुरू होते, म्हणजे प्रतिक्षिप्त क्रियांची साखळीच असते. १९११ साली टी. ग्रॅहम ब्राउन यांनी मांजरात मेरुरज्जूचा मेंदूशी असलेला संबंध तोडला, पायाकडून येणारे संवेदी तंतूही कापले, आणि तरीही घोट्याच्या दोन विरोधी स्नायूंत आळीपाळीने आकुंचनाचा ताल उमटला. त्यांनी कल्पना मांडली की मेरुरज्जूत दोन अर्धकेंद्रे असावीत. एक चालू असताना ते दुसऱ्याला दाबून ठेवते, ते थकले की दुसरे उसळी घेते आणि पहिल्याला दाबते. सुमारे पन्नास वर्षे या कल्पनेकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९६०च्या दशकात स्वीडनमधील लुंडबर्ग यांच्या गटाने ती पुन्हा बाहेर काढली, आणि पुढे तेथेच ती संगणकावर गेली.

संगणकावर जाते म्हणजे काय होते? चेतापेशी म्हणजे एक पाझरणारे मडके समजा. दर पायरीला त्यात १५ मापे पाणी पडते आणि आधी असलेल्या पाण्याचा दहावा भाग पाझरून जातो. पाणी १०० मापांच्या खुणेपर्यंत आले की मडके कलंडते, रिकामे होते, आणि शेजारच्या मडक्यांना निरोप जातो. वहीत आकडेमोड केली तर ११व्या पायरीला ते कलंडते असे दिसेल. १५ ऐवजी २० मापे घातली तर सातव्याच पायरीला कलंडते. १० मापे घातली तर कितीही वेळ थांबलात तरी ते खुणेला पोहोचत नाही. उत्तेजक निरोप म्हणजे मडक्यात पडणारे पाणी, दमनकारी निरोप म्हणजे काढून घेतलेले पाणी. अशी हजार मडकी घ्या, एकमेकांना जोडा, आणि सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाची एक पायरी धरून प्रत्येकाचा हिशेब करा. एका सेकंदासाठी एक कोटी हिशेब होतात. याहून सूक्ष्म प्रतिरूपांत मडक्याऐवजी हॉजकिन आणि हक्सली यांची १९५२ची समीकरणे असतात. ती सोडवताना हक्सलींना केंब्रिजचा संगणक मिळाला नव्हता, म्हणून त्यांनी हाताने फिरवायच्या गणकयंत्रावर दिवसच्या दिवस हिशेब केले. ते प्रतिरूप आजही आदर्श मानले जाते, कारण त्यात घातलेले बहुतेक आकडे स्क्विडच्या चेतातंतूवर मोजलेले होते, आणि त्यातून निघालेला स्पंदाचा वेग त्यात घातलेला नव्हता. तो हिशेबातून बाहेर आला आणि प्रत्यक्षाशी जुळला. काय घातले आणि काय निघाले, हा फरक लक्षात ठेवावा. पुढे त्याची गरज पडणार आहे.

वामेसारखा लांबट मासा

लॅम्प्रे हा आपल्याकडे न आढळणारा प्राणी. युरोप-अमेरिकेतील थंड नद्या-समुद्रांत राहतो. दिसायला वामेसारखा लांबट, पण जबडा नाही. तोंड म्हणजे दात असलेली गोल चकती. संशोधकांना तो आवडतो याचे कारण त्याचा मेरुरज्जू फितीसारखा चपटा आहे. तो काढून थंड खारट द्रवात ठेवला तर दिवसेंदिवस जिवंत राहतो. त्या द्रवात ग्लुटामेटसारखे उत्तेजक रसायन घातले की बशीतला हा मेरुरज्जू 'पोहू' लागतो! स्नायू नाहीत, पाणी कापायचे नाही, तरी प्रेरक तंतूंतून डावीकडे-उजवीकडे आळीपाळीने स्पंदांचे झुबके जात राहतात.

त्यात आणखी एक सुरेख गोष्ट आहे. लॅम्प्रेच्या मेरुरज्जूचे सुमारे शंभर खंड असतात. डोक्याकडून शेपटीकडे जाताना दर खंडाला ताल आवर्तनाच्या सुमारे एक टक्का मागे पडतो. म्हणजे मासा सावकाश पोहो की भरभर, शरीरावर नेहमी साधारण एक पूर्ण लाट असते. शंभर गुणिले एक टक्का, हा हिशेब आठवीचा विद्यार्थीही करील. पण ठराविक सेकंदांनी नव्हे तर आवर्तनाच्या ठराविक भागाने मागे पडणे, हे मंडल साधते कसे, याचे उत्तर सोपे नाही.

स्टॉकहोममध्ये स्टेन ग्रिलनर आणि त्यांचे सहकारी यांनी सूक्ष्म विद्युत्-अग्रे एकेका पेशीत घालून कोण कोणाशी जोडलेले आहे हे वर्षानुवर्षे शोधले. १९८७ साली बुकॅनन आणि ग्रिलनर यांनी उत्तेजक सहयोगी पेशी ओळखल्या. मध्यरेषा ओलांडून पलीकडच्या बाजूचे दमन करणाऱ्या पेशी आधीच ठाऊक होत्या. पुढच्याच वर्षी ग्रिलनर, बुकॅनन आणि लान्सनर यांनी या पेशींचे मंडल संगणकावर चालवले आणि ताल निघाला. १९९३ साली ओर्यन एकेबर्ग यांनी त्याला शरीर दिले: कडक दांड्यांची साखळी, तिला स्प्रिंगसारखे स्नायू, आणि भोवती पाण्याचा रोध. पडद्यावर लॅम्प्रे पोहू लागला. उत्तेजन वाढवले की वेग वाढे, एका बाजूला जास्त दिले की मासा वळे.

या कामाचे मोल मला कमी करायचे नाही. एका प्रयोगात त्यांनी वाटेत वेगाने वाहणाऱ्या पाण्याचा पट्टा ठेवला. शरीराच्या ताणाची खबर देणाऱ्या संवेदी पेशी चालू असताना संगणकातला मासा तो पट्टा पार करी. त्या बंद केल्या की अडखळे. बशीतला मेरुरज्जू संवेदनेविना ताल धरतो म्हणून संवेदना अनावश्यक, असा जो सोयीस्कर निष्कर्ष निघत होता त्याला यामुळे आळा बसला. चांगले प्रतिरूप असे काहीतरी दाखवते जे आधी कोणाच्या मनात स्पष्ट नसते.

अडचण निष्कर्षाच्या पुढच्या पायरीवर येते. त्या मंडलात ताल कसा होतो याचे स्पष्टीकरण थोडक्यात असे दिले जाई: डावी बाजू उजवीला दाबते, मग काही कारणाने डावीचा झुबका संपतो, उजवी सुटते आणि डावीला दाबते. ग्रॅहम ब्राउनची अर्धकेंद्रेच, पण आता नावगाव असलेल्या पेशींसह. प्रतिरूप चालले, मासा पोहला, आणि कित्येक पाठ्यपुस्तकांनी व लेखांनी 'लॅम्प्रेचा ताल परस्पर-दमनाने होतो' असे छापून टाकले. प्रतिरूपाने काय दाखवले होते? असे मंडल असेल तर असा ताल निघू शकतो, एवढेच. ताल अशाच मंडलाने निघतो, हे त्याने दाखवले नव्हते. दाखवणे शक्यही नव्हते.

दोन मुलांचा खेळ

हे मुलांना समजावून सांगण्यापेक्षा करून दाखवावे. दोन विद्यार्थी पुढे बोलवा, एक डावा आणि एक उजवा. पहिल्या खेळाचे नियम असे: समोरच्याचा हात खाली गेलेला दिसला की आपला हात वर करायचा, मनात सहा आकडे मोजायचे, हात खाली घ्यायचा. डाव्याला सुरुवात करायला सांगा. हात आळीपाळीने वर-खाली होत राहतील. आता दुसरा खेळ. कोणी कोणाकडे पाहायचे नाही. प्रत्येकाने सहा आकडे हात वर, सहा आकडे खाली, असे आपले आपण मोजत राहायचे. फक्त सुरुवात उलटसुलट करायची. पुन्हा हात आळीपाळीने वर-खाली. वर्गाबाहेर उभ्या केलेल्या तिसऱ्या मुलाला दारातून पाहून विचारा, आत कोणता खेळ चालू आहे? त्याला सांगता येणार नाही. (दुसऱ्या खेळात काही वेळाने मोजणीत फरक पडून ताल विस्कटतो. चौकस मूल तेवढ्यावरून ओळखेल. त्याला शाबासकी द्यावी.)

आता त्या तिसऱ्या मुलाला एकच मुभा द्या: दोघांपैकी एकाला वर्गाबाहेर काढायची. पहिल्या खेळात उरलेल्याचा हात खाली जाईल आणि खालीच राहील, कारण समोर हात खाली जाताना दिसणारच नाही. दुसऱ्या खेळात तो आपला मोजत राहील. कितीही वेळ नुसते पाहून जे कळले नसते ते एका हस्तक्षेपाने कळले.

लॅम्प्रेच्या बाबतीत हा हस्तक्षेप झाला, आणि तो केला प्रतिरूप बनवणाऱ्या गटानेच. २००३ साली लोरेन्झो कान्जानो आणि ग्रिलनर यांनी लॅम्प्रेचा मेरुरज्जू मध्यरेषेवर उभा चिरून दोन अर्ध्या फिती केल्या. आता पलीकडे दाबणारे कोणी नाही आणि पलीकडून दबणारेही कोणी नाही. अर्ध्या फितीने ताल चालूच ठेवला. स्ट्रिक्नीन घालून उरलेसुरले ग्लायसीनचे दमन काढून टाकले तरीही तालाचे झुबके थांबले नाहीत. उलट, चिरल्यावर ताल आधीपेक्षा जलद झाला. म्हणजे ओलांडून येणारे दमन तालाला जन्म देत नव्हते. दोन बाजूंना आळीपाळीने चालायला लावणे आणि वेगाला लगाम घालणे, हे त्याचे काम होते. ताल प्रत्येक बाजूच्या उत्तेजक पेशींच्या जाळ्यातच होता.

जुने प्रतिरूप म्हणजे फसवणूक होती असा याचा अर्थ नाही. त्यातील जोडण्या खऱ्या आहेत, आळीपाळीचे स्पष्टीकरणही खरे आहे. आणि अर्ध्या फितीतील जलद ताल म्हणजे पोहण्याचाच ताल का, यावर तज्ज्ञांत वादही झाला. पण मला खटकते ते हे की दहा वर्षे संगणकातला मासा सफाईने पोहत होता आणि त्याच्या पोहण्यात या चुकीची एकही खूण दिसत नव्हती. सफाई हा पुरावा नव्हे. ग्रिलनर यांचे मोठेपण माझ्या मते त्या सुंदर पोहणाऱ्या माशात नाही, तर त्याच्यावर स्वतःच सुरी चालवण्यात आहे.

एका कुलपाच्या किती किल्ल्या?

हे एखाद्याच प्रतिरूपाचे दुर्दैव असते तर मी एवढे लिहिले नसते. २००४ साली अमेरिकेतील ब्रँडाइस विद्यापीठात आस्त्रिद प्रिन्झ, डर्क बूखर आणि ईव्ह मार्डर यांनी खेकडे-शेवंडांच्या जठराचे स्नायू हलवणाऱ्या चेतामंडलाचे प्रतिरूप घेतले. हे मेरुरज्जूचे मंडल नव्हे, पण स्नायूंना ताल देणारेच आहे आणि फारच लहान आहे. प्रतिरूपात पेशींचे तीनच प्रकार होते. त्यांनी एक चांगला संच शोधून थांबण्याऐवजी पेशींचे गुणधर्म आणि जोडण्यांची ताकद बदलत सुमारे दोन कोटी प्रतिरूपे चालवली. त्यांतली साडेचार लाखांहून अधिक प्रतिरूपे खऱ्या प्राण्याच्या तालाच्या सर्व कसोट्यांना उतरली, आणि त्यांचे आतले आकडे एकमेकांपासून दूर दूर होते. एखादी जोडणी एकात अगदी दुबळी, तर दुसऱ्यात कितीतरी पट जोरकस. तीन पेशींच्या मंडलाची ही स्थिती, तर हजारो पेशींच्या मेरुरज्जूचे एक प्रतिरूप प्राण्यासारखे वागले म्हणून त्यातले आकडे खरे मानायचे का? मार्डर यांनी याचा आणखी एक अर्थ काढला आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. एकाच जातीचे दोन प्राणीही असेच वेगवेगळ्या आकड्यांनी तोच ताल साधत असतील. मग पाच प्राण्यांच्या मापनांची सरासरी काढून बनवलेले प्रतिरूप कदाचित कोणत्याच प्राण्याचे नसेल.

ब्राझीलच्या साओ पावलो विद्यापीठातील सिसी आणि कोन यांची 'रेमोटो' ही प्रणाली या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रणालीत पोटरीच्या आणि नडगीच्या स्नायूंच्या प्रेरक चेतापेशी, त्यांना दाबणाऱ्या रेनशॉ पेशी, संवेदी तंतू आणि स्वतः स्नायू, हे सारे आहे, आणि प्रोग्रॅम लिहिता न येणाऱ्या विद्यार्थ्यालाही ती चालवता यावी अशी तिची रचना आहे. उत्तेजन हळूहळू वाढवले की आधी लहान पेशी कामाला लागतात, मागाहून मोठ्या. नाजूक कामाला थोडे बळ आणि जड कामाला जास्त, असे जे आपण सहज करतो त्यामागचा हा हेनमन यांनी दाखवलेला नियम. पडद्यावर तो पाहून विद्यार्थी म्हणतो, 'संगणकानेही नियम सिद्ध केला!' तसे नाही. लहान पेशींचा विद्युत्-रोध अधिक ठेवलेला आहे म्हणून त्या आधी पेटतात. ते आत घातलेले आहे. शिवाय स्नायूंची नावे माणसाची असली तरी प्रेरक पेशींचे गुणधर्म मुख्यतः मांजरावरच्या मापनांतून घेतलेले आहेत, कारण जिवंत माणसाच्या मेरुरज्जूत विद्युत्-अग्र घालता येत नाही. लेखकांनी हे लपवलेले नाही, आपल्या निबंधात सांगितले आहे. वर्गात दाखवणाऱ्याने ते गाळू नये.

मग प्रतिरूपे टाकून द्यावीत का? मुळीच नाही. उलट बाजूचे एक उदाहरण देते, आणि माझ्या मते गेल्या काही वर्षांतील या क्षेत्रातले ते सर्वांत चांगले काम आहे.

मेरुरज्जूला इजा होऊन पाय लुळे पडलेल्या उंदरांत, मेरुरज्जूच्या आवरणावर ठेवलेल्या अग्रांतून अखंड विद्युत्-स्पंद दिले की ते चालू लागत. माणसांत तीच पद्धत वापरली तेव्हा परिणाम तोकडा पडे. का? स्वित्झर्लंडमधील लोझान येथील फॉर्मेंतो, कापोग्रोसो, कुर्तीन आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली याचे उत्तर दिले. हे विद्युत्-स्पंद मुख्यतः पायाकडून येणाऱ्या संवेदी तंतूंना पेटवतात, आणि तंतू मध्येच पेटला तर स्पंद दोन्ही दिशांना धावतो: एक मेरुरज्जूकडे, दुसरा उलटा, पायाकडे. पायाकडून येणारा खरा निरोप आणि हा उलटा स्पंद समोरासमोर आले की दोन्ही नष्ट होतात, कारण ज्या भागातून नुकताच स्पंद गेला तो भाग क्षणभर निष्क्रिय असतो. एकेरी रुळावर दोन स्थानकांतले अंतर जितके जास्त, तितकी गाड्या समोरासमोर येण्याची शक्यता जास्त. येथे बाजूला थांबायला मार्ग नाही एवढेच. माणसाच्या पावलापासून मेरुरज्जूपर्यंतचा तंतू सुमारे एक मीटर. सेकंदाला साठ मीटर वेग धरला तर प्रवासाला सुमारे १७ मिलिसेकंद लागतात. उंदरात हा काळ दोनेक मिलिसेकंदच. सेकंदाला पन्नास स्पंद दिले तर दर २० मिलिसेकंदांनी एक उलटा स्पंद निघतो. उंदराचे बहुतेक निरोप त्यातून निसटून पोहोचतात. माणसाच्या त्या तंतूंतील बरेच निरोप वाटेतच मारले जातात.

हे प्रतिरूपाने सांगितले, आणि मग ते खोटे ठरण्याची पुरेपूर संधी त्यांनी दिली. रुग्णांवर पाहिले तेव्हा अखंड उत्तेजन चालू असताना त्यांना आपला पाय कोणत्या स्थितीत आहे, कोणीकडे हलवला जात आहे, हे कळेनासे होत असल्याचे आढळले. उपायही प्रतिरूपातूनच सुचला: अखंड स्पंदांऐवजी हव्या त्या जागी, हव्या त्या क्षणी, थोडा वेळ उत्तेजन. त्याच वर्षी या गटाने अशा उत्तेजनाच्या साहाय्याने जुनी इजा असलेल्या तीन रुग्णांना पुन्हा पावले टाकता आल्याचे प्रसिद्ध केले.

लॅम्प्रेच्या तुलनेत हे प्रतिरूप दिसायला अगदी ओबडधोबड आहे. त्यात तालाचे मंडल जवळजवळ नाही, पोहणारा मासा नाही. तंतूची लांबी, वेग, स्पंदांतील अंतर, मोजक्या पेशी. पण जे घातले ते मोजलेले होते, आणि जे निघाले ते आधी घातलेले नव्हते.

परत येताना त्या महाविद्यालयातील विद्यार्थिनीला मी पाझरत्या मडक्याची आकडेमोड वहीत करून पाहायला सांगितले होते. महिनाभराने तिच्या प्राध्यापकांमार्फत वही आली. तिने दोन मडकी एकमेकांना जोडून ताल आणला होता, आणि शेवटी पेन्सिलीने लिहिले होते: थकवा घालायचा तर कोठे घालू, चेतापेशीत, संधीत की स्नायूत? याचे उत्तर वहीतून मिळण्यासारखे नाही. आमच्या त्या काजळीच्या कागदावर मात्र ते होते. चेतातंतूला झटके देऊन देऊन स्नायू आखडेनासा झाला की आम्ही अग्रे तंतूवरून काढून थेट स्नायूवर टेकवत असू, आणि तो पुन्हा आखडे. चेतातंतू तर तासन्‌तास थकत नाही, हे वेगळ्या प्रयोगांतून ठाऊक होते. म्हणजे थकवा प्रथम चेतातंतू आणि स्नायू यांच्या संधीत येतो. तिला मी तसे कळवले, आणि पडद्यावरच्या बेडकात थेट स्नायूवर अग्रे टेकवण्याची सोय आहे का, ते पाहायला सांगितले आहे.